वॉल्व्हचा जुना रेडिओ: आवाज बारीक, हमिंग सतत. आधी काय तपासू? (ठाणे)

पाचपाखाडीकर

नमस्कार मंडळी,

नौपाड्यातली मामांची इमारत पुनर्विकासाला गेली. घर रिकामं करताना माळ्यावरून वॉल्व्हचा रेडिओ निघाला, तो मी आमच्याकडे आणलाय. लाकडी पेटी शाबूत आहे, स्पीकरवरचं कापडही बरं आहे. मागचा पुठ्ठा मात्र गायब, त्यामुळे मॉडेल नंबर नाही आणि सर्किट डायग्राम शोधायला आधारही नाही. वॉल्व्हवरचे आकडे पुसट झालेत, पण टॉर्च तिरका धरल्यावर वाचता आले: ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईबीसी ८१, ईएल ८४, ईझेड ८०. समोर स्टेशन नीट लागलं का ते दाखवणारा हिरवा डोळा आहे, तो ईएम ८०.

लक्षणं अशी. चालू केल्यावर अर्ध्याएक मिनिटात हमिंग सुरू होतं, घूंऽऽ असं, एकसारखं. व्हॉल्यूम शून्यावर आणला तरी तेवढंच राहतं. मीडियम वेव्हवर ५५८ ला आकाशवाणीची अस्मिता लागते, पण व्हॉल्यूम पूर्ण फिरवूनही आवाज मोबाइलच्या स्पीकरइतकाच आणि तोही घोगरा. सेट थोडा वेळ चालला की हमिंग वाढतं आणि मेन्स ट्रान्सफॉर्मर हात ठेवता येणार नाही इतका तापतो. म्हणून मी आता लावणंच बंद केलंय.

एका दुकानात दाखवला. तिथे सेट उघडलासुद्धा नाही. "सगळे वॉल्व्ह गेलेत, सहाही बदलावे लागतील" असं सांगून मोठा आकडा सांगितला.

मला सोल्डरिंग येतं, मल्टिमीटर वापरता येतो, पण आजवरचं काम १२ व्होल्टच्या आसपासचं. वॉल्व्ह खरंच सगळे एकदम जातात का? सुरुवात कुठून करू? आणि ठाणे-नवी मुंबईत हे काम नीट करणारं कोणी असेल तर तेही सुचवा. मामा रोज फोन करून "लागला का रेडिओ" विचारतात.

लाकडीपेटी

ईएल ८४ बदला. आउटपुट वॉल्व्ह कमजोर झाला की आवाज असाच बसतो. हा नंबर गिटारच्या अॅम्प्लिफायरसाठी आजही नवा बनतो, त्यामुळे मिळायला अडचण नाही. बाकीच्यांचं नंतर बघता येईल.

नेरूळ_शॉर्टवेव्ह

लाकडीपेटी, इथे मी तुमच्याशी सहमत नाही. या लक्षणांवर नवा ईएल ८४ लावला तर काही तासांत तोही भाजून निघेल. आवाज बारीक, घोगरा, हमिंग, वेळ जाईल तसं वाढणारं, आणि ट्रान्सफॉर्मर तापतोय, हे सगळं एकत्र आलं की माझा संशय वॉल्व्हवर जातच नाही, कंडेन्सरवर जातो. त्यातही एका विशिष्ट कंडेन्सरवर.

पाचपाखाडीकर, सहाही वॉल्व्ह एकदम जात नाहीत. ईझेड ८० काम करतोय म्हणून तर आवाज येतोय. डोळा उजळतोय, स्टेशन लागतंय, म्हणजे ईसीएच ८१ आणि ईबीएफ ८९ दोन्ही जिवंत आहेत. तेव्हा मोजमाप होईपर्यंत एकही वॉल्व्ह विकत घेऊ नका.

आधी सुरक्षेचं, कारण तुम्ही १२ व्होल्टवरून येताय. या सेटमध्ये एचटी, म्हणजे वॉल्व्हना लागणारी जास्त व्होल्टेजची डीसी, २५० व्होल्टच्या आसपास असते आणि प्लग काढल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये (ही डीसी सपाट करणारा मोठा कंडेन्सर) काही काळ टिकून राहते. चॅसीला (सेटच्या धातूच्या सांगाड्याला) हात लावण्याआधी प्लग काढायचा, मग १० किलोओम ५ वॉटचा रेझिस्टन्स इन्सुलेटेड क्लिपांनी फिल्टर कंडेन्सरच्या प्लस-मायनसला काही सेकंद लावून ठेवायचा आणि मीटरवर व्होल्टेज शून्याजवळ आल्याची खात्री करायची. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी काढण्याची पद्धत सोडा, त्याने कंडेन्सरही खराब होतो. चालू सेटमध्ये मोजताना मीटरचा मायनस क्लिपने चॅसीला अडकवायचा आणि प्लसची सळी एकाच हाताने धरायची. दुसरा हात सेटपासून दूर. पायात रबरी चप्पल, आणि घरात दुसरं माणूस असावं.

सिरीज दिवा बनवून घ्या. साधा पिवळा फिलामेंटचा ६० किंवा १०० वॉटचा बल्ब सेटच्या मेन्सला सिरीजमध्ये, एलईडी बल्ब इथे उपयोगाचा नाही. चालू करताना बल्ब क्षणभर लख्ख पेटून मंद झाला तर ठीक. लख्खच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा. हा बल्ब फक्त पहिल्या खात्रीसाठी. खालची मापं घेताना तो काढून टाका, नाहीतर सगळे आकडे कमी दिसतील आणि तुम्ही चुकीच्या वाटेला लागाल.

आता मुद्द्याचं. ईबीसी ८१ च्या अॅनोडवरून ईएल ८४ च्या ग्रिडला (सिग्नल आत घेणाऱ्या टोकाला) आवाज नेणारा एक छोटा कंडेन्सर असतो, बहुतेक सेटमध्ये १० ते २२ नॅनोफॅरडचा. त्याला कपलिंग कंडेन्सर म्हणतात. त्याचं काम आवाज जाऊ द्यायचा आणि डीसी अडवायची. जुने कंडेन्सर कागदाचे, वरून मेण किंवा डांबर. खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत इतकी वर्षं काढल्यावर त्यांत ओल शिरते आणि ते डीसी झिरपवायला लागतात. ग्रिडवर अगदी थोडी प्लस डीसी आली तरी ईएल ८४ गरजेपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढतो. त्या करंटने ट्रान्सफॉर्मर तापतो, एचटी खाली बसते, फिल्टर अपुरा पडून हमिंग वाढतं, आणि वॉल्व्हचा बायस (ग्रिडवरचं ठरलेलं डीसी व्होल्टेज) बिघडल्यामुळे आवाज फाटतो. सेट तापेल तशी गळती वाढते, म्हणून तुमचं हमिंग वेळेबरोबर वाढतंय. तुम्ही सांगितलेल्या सगळ्या तक्रारी या एका कंडेन्सरने होऊ शकतात.

तपासायचं असं. ईएल ८४ च्या बेसकडे खालून बघा, खाचेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पिना मोजा. पिन २ ग्रिड, ३ कॅथोड, ४ आणि ५ फिलामेंट, ७ अॅनोड, ९ स्क्रीन. सेट पाच मिनिटं चालू ठेवून डीसीवर पिन २, ३, ७, ९ ची चॅसीपासूनची व्होल्टेज लिहून घ्या. पिन २ ला शून्य किंवा अगदी शून्याजवळ हवं. पिन ३ ते चॅसी जो रेझिस्टन्स आहे त्याची किंमत सेट बंद करून मोजा. कॅथोडचं व्होल्टेज भागिले हा रेझिस्टन्स, म्हणजे वॉल्व्हमधून जाणारा एकूण करंट. ईएल ८४ ला २५० व्होल्टवर साधारण ५० मिलिअँपिअर ठीक, आणि ६५ ही कमाल मर्यादा.

मेन्सचं टॅपही बघा. जुन्या ट्रान्सफॉर्मरला २००, २२०, २४५ असे टॅप असायचे. घरात २४० च्या आसपास येत असेल आणि टॅप २२० ला असेल तर फिलामेंटला ६.३ ऐवजी ६.९ व्होल्ट जातात आणि एचटीही त्याच हिशेबाने वर.

आकडे इथे टाका, मग पुढचं बोलू.

मीडियमवेव्ह

नेरूळ_शॉर्टवेव्ह यांनी बहुतेक सांगितलंच आहे, मी डोळ्याबद्दल थोडं सांगतो. ईएम ८० हा फुकटचा मीटर आहे आणि लोक त्याच्याकडे दुर्लक्ष करतात. अस्मिता लावल्यावर डोळ्याचा हिरवा पंखा पसरून जवळजवळ मिटतो का? मिटत असेल तर सिग्नल डिटेक्टरपर्यंत (त्यातून आवाज वेगळा करणाऱ्या भागापर्यंत) व्यवस्थित पोहोचतोय आणि दोष त्याच्या पुढे, ऑडिओच्या बाजूला आहे. डोळा हललाच नाही तर दोष अलीकडे: एरियल, बँड स्विच, आयएफ (मधल्या फ्रिक्वेन्सीचा टप्पा), किंवा ईबीएफ ८९ चा स्क्रीन.

दुसरी परीक्षा पिकअपची. मागे ग्रामोफोनसाठी दोन भोकांचं सॉकेट असेल. त्यात जुन्या एमपी३ प्लेअरचा किंवा बॅटरीवरच्या कसल्याही यंत्राचा आवाज द्या. तिथेही बारीक आणि घोगरा आला तर आयएफला हात लावायचं कारणच उरत नाही. एक विनंती मनापासून करतो: आयएफच्या कॅनमधले कोर फिरवू नका. आवाज कमी म्हणून लोक पहिल्यांदा तेच फिरवतात आणि बिघाड नसलेल्या सेटमध्ये एक बिघाड वाढवून ठेवतात.

हमिंगचा उगम ओळखायला फोनवर स्पेक्ट्रम दाखवणारं कुठलंही फुकट अॅप घ्या आणि स्पीकरसमोर धरा. ईझेड ८० दोन्ही अर्धचक्रं वापरतो, त्यामुळे फिल्टर कोरडा पडला असेल तर टोक १०० हर्ट्झला दिसेल, मग २००, ३००. फिलामेंटमधून, शिल्डमधून किंवा अर्थ तुटल्यामुळे येणारं हमिंग ५० चं असतं. फोनच्या माइकला ५० नीट ऐकू येत नाही, म्हणून १५० ला टोक आहे का तेही बघा.

पाचपाखाडीकर

खूप आभार. इतकं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

टॅप २४५ ला आहे, घरात २३८ येतात. सिरीज बल्ब लख्ख पेटून मंद झाला. मग थेट मेन्सवर घेतलेली मापं:

पिन २: प्लस ४.६ व्होल्ट
पिन ३: १०.८ व्होल्ट
पिन ७: १९६
पिन ९: २०४

पिन ३ चा रेझिस्टन्स १५० ओम लिहिलेला, मोजला तर १५२.

डोळा अस्मितावर जवळजवळ पूर्ण मिटतो. पिकअपला आवाज दिला तर तसाच घोगरा. फोनच्या अॅपवर १०० ला मोठं टोक, २०० ला त्याहून लहान, १५० ला काही नाही. मापं घेऊन लगेच बंद केला.

नेरूळ_शॉर्टवेव्ह

१०.८ भागिले १५२, म्हणजे ७१ मिलिअँपिअर. मर्यादेच्या वर. ट्रान्सफॉर्मर का तापतोय ते यात आलं. या अवस्थेत आता लावू नका.

पिन २ वर ४.६ येण्याची दोन कारणं असू शकतात: कंडेन्सर झिरपतोय, किंवा वॉल्व्हमध्ये गॅस झाल्यामुळे ग्रिडमधूनच करंट वाहतोय. वेगळं करणं सोपं आहे. सेट बंद, एचटी रिकामी, मग कपलिंग कंडेन्सरचं ईएल ८४ कडचं टोक सोडवा. ग्रिडपासून चॅसीला जाणारा रेझिस्टन्स (६८० किलोओम किंवा १ मेगओम असेल) तसाच राहू द्या, तो सोडवला तर वॉल्व्ह वाऱ्यावर सुटेल. पुन्हा चालू करून पिन २ मोजा. शून्य आलं तर कंडेन्सर दोषी. प्लस टिकून राहिलं, आणि सेट तापेल तसं वाढत गेलं, तर वॉल्व्ह दोषी, आणि मग लाकडीपेटींचा सल्ला लागू.

लाकडीपेटी

पटलं. असं आधी वेगळं करून बघणं बरोबर.

पाचपाखाडीकर

केलं. टोक सोडवल्यावर पिन २ ला शून्य, दहा मिनिटांनीही शून्यच. पिन ३ उतरून ७.३ झाला. म्हणजे ४८ मिलिअँपिअर. ट्रान्सफॉर्मर कोमट.

पण स्पीकरमध्ये हमिंग अजून आहे. निम्म्याहून कमी झालंय, तरी आहे.

नेरूळ_शॉर्टवेव्ह

म्हणजे वॉल्व्ह उत्तम आहे, त्याला हात लावू नका. आणि आता कपलिंगचं टोक सुटलेलं असताना ईबीसी ८१ कडून ईएल ८४ कडे काहीच येत नाही. तरीही हमिंग आहे, तेही १०० हर्ट्झचं, तर ते थेट एचटीतून येतंय. फिल्टर कंडेन्सर कोरडा पडलाय.

चॅसीवर उभा अॅल्युमिनियमचा डबा असेल, त्यावर ३२+३२ किंवा ५०+५० मायक्रोफॅरड लिहिलेलं असेल. एकाच डब्यात दोन कंडेन्सर, मायनस सामाईक. डब्याची मायनस चॅसीलाच जोडली आहे की मधे पुठ्ठ्याचं वॉशर आहे ते आधी बघा. काही सेटमध्ये मायनस आणि चॅसीच्या मधे एक छोटा रेझिस्टन्स असतो आणि बायस तिथून घेतलेला असतो. तुमच्यात कॅथोडला रेझिस्टन्स आहे म्हणजे तसं नसावं, तरी नव्या कंडेन्सरची मायनस जुनी जिथे होती नेमकी तिथेच.

नवे ३३ किंवा ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे, १०५ डिग्रीवाले दोन घ्या. रेक्टिफायरलगतच्या पहिल्या कंडेन्सरला ईझेड ८० ची मर्यादा ५० मायक्रोफॅरड आहे. "मोठा लावला की हम अजून कमी" म्हणून १०० किंवा २२० लावू नका. चालू होताना तो इतका करंट ओढतो की ईझेड ८० चा कॅथोड मरतो, आणि तो वॉल्व्ह ईएल ८४ इतका सहज मिळत नाही. मला विचाराल तर पहिल्याला ३३, दुसऱ्याला ४७.

जुन्याला समांतर नवा लावून चालवायची पद्धत काही जण सांगतील. तपासण्यापुरती ठीक, तीही सेट बंद असताना क्लिप लावून. कायमची तशी ठेवायची नाही, कारण जुना कोरडा असतो तसा झिरपणाराही असू शकतो. जुन्याच्या तारा पूर्ण सोडवायच्या. डबा दिसायला वर तसाच राहू द्या, नवे चॅसीच्या खाली टॅगस्ट्रिपवर बसवा. डबा कापून त्यात नवे घालणारेही आहेत, काम देखणं होतं, पण पहिल्या सेटला त्याची गरज नाही.

कपलिंगसाठी २२ नॅनोफॅरड, ६३० व्होल्टचा फिल्म कंडेन्सर. चॅसीखाली मेणाचे जे इतर कागदी कंडेन्सर दिसतील तेही बदला, पण एकेक करून: एक काढला, एक लावला, चालवून बघितला, मग पुढचा. डायग्राम नसताना सगळे एकदम काढले तर कुठली तार कुठे होती ते आठवत नाही आणि काही बिघडलं तर कशाने बिघडलं ते कळत नाही. आधी वरून, बाजूने भरपूर फोटो काढा. चांदीच्या अभ्रकाचे आणि सिरॅमिकचे कंडेन्सर ठेवा, ते सहसा ठीक असतात.

मेन्सच्या वायरला समांतर किंवा मेन्स ते चॅसी एखादा जुना कंडेन्सर असेल तर तिथे साधा फिल्म चालणार नाही. मेन्सच्या दोन तारांमधे एक्स वर्गाचा, आणि मेन्स ते चॅसी वाय वर्गाचाच. तिथे शॉर्ट झालेला कंडेन्सर म्हणजे चॅसीवर २३० व्होल्ट.

वाशीकर_ताई

सामानासाठी लॅमिंग्टन रोडच बरा. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं, तिथून चालत. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. कंडेन्सर मागताना व्होल्टेज ठासून सांगा, नाहीतर ३३ मायक्रोफॅरड म्हटल्यावर ६३ व्होल्टचा पुड्यात बांधून देतात. वॉल्व्ह तिथल्यापेक्षा चोर बाजारात सापडायची शक्यता जास्त. भारत इलेक्ट्रॉनिक्सचे बंगळुरूला बनलेले वॉल्व्ह खोक्यासकट अजून दिसतात आणि ते दर्जाने उत्तम आहेत.

दुरुस्ती करणाऱ्यांबद्दल. व्यक्तींची नावं-नंबर असे उघड्यावर देणं मला योग्य वाटत नाही. पण मर्फीचा कारखाना आपल्या ठाण्यातच होता. जुन्या ठाण्यातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर, वाचनालयात विचारलंत तर त्या काळात रेडिओच्या कामात असलेलं कोणी ना कोणी निघतं. माझ्या सासऱ्यांच्या सेटला असंच माणूस मिळालं. सेट सोपवण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: काढलेले सुटे भाग परत देणार का, आणि दुरुस्तीनंतर वॉल्व्हवरची व्होल्टेज लिहून देणार का. या दोन्हीला जो आनंदाने हो म्हणतो त्याच्याकडे सेट द्यावा. न उघडता सहा वॉल्व्ह सांगणाऱ्याकडे देऊ नये.

ऐरोलीकर

धागा वाचून माझाही सेट काढला. बेकेलाइटचा छोटा, टेबलावरचा. वॉल्व्ह यूसीएच ४२, यूएफ ४१, यूबीसी ४१, यूएल ४१, यूवाय ४१. यालाही व्हॉल्यूम कमी आणि हमिंग. मीडियमवेव्ह यांनी सांगितलं तसं पिकअपला मोबाइल लावून बघू का? चार्जिंगला लावलेलाच आहे.

नेरूळ_शॉर्टवेव्ह

ऐरोलीकर, थांबा. लावू नका. मोबाइल नाही, चार्जर नाही, काहीच नाही.

यू मालिकेचे वॉल्व्ह म्हणजे एसी-डीसी सेट. यात मेन्स ट्रान्सफॉर्मर नसतो. मेन्सची एक तार सरळ चॅसीला जोडलेली असते, प्लग उलटा बसला की चॅसीवर फेज. पिकअपला वायर लावली की तीच फेज तुमच्या मोबाइलपर्यंत आणि हातापर्यंत येऊ शकते. बटणांमधले छोटे स्क्रूसुद्धा याच कारणासाठी मेणाने बुजवलेले असतात. मेण निघालं असेल तर ते आधी पुन्हा भरा, आणि बटण काढून धातूच्या दांड्याला हात लावून व्हॉल्यूम फिरवू नका. मागचा पुठ्ठा नसेल तर सेट चालवूच नका.

यावर काम करायचं तर १:१ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवाच, १०० वॉटचा पुरेल. घरातल्या आरसीसीबीच्या (गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचच्या) भरवशावर राहू नका. आयसोलेशनच्या पुढे तो तुम्हाला वाचवत नाही, म्हणून एक हात मागे ठेवायचा नियम तिथेही आहेच.

दोष शोधायची रीतही थोडी वेगळी आहे. पाचही फिलामेंट सिरीजमध्ये आहेत, १०० मिलिअँपिअरवर: १४, १२.६, १४, ४५, ३१. बेरीज ११६.६ व्होल्ट. उरलेले ११३ च्या आसपास मोठा ड्रॉपर रेझिस्टन्स खातो, म्हणजे एकट्या त्यात ११ वॉटची उष्णता. त्यामुळे एखादा वॉल्व्ह उपसून हम जातं का बघायची युक्ती इथे चालत नाही, एक काढला की सगळे विझतात. शिवाय यूवाय ४१ एकच अर्धचक्र वापरतो, म्हणून इथे फिल्टर कोरडा पडल्याचं हमिंग ५० हर्ट्झचंच असतं. वर मीडियमवेव्ह यांनी दिलेला १०० चा हिशेब तुमच्या सेटला लावू नका. कपलिंग कंडेन्सरची परीक्षा मात्र तीच, फक्त यूएल ४१ च्या पिना वेगळ्या आहेत, त्याचा तक्ता बघून घ्या.

आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर येईपर्यंत तो सेट बंद ठेवा.

ऐरोलीकर

बरं झालं विचारलं. प्लग काढून कपाटात ठेवला. ट्रान्सफॉर्मर मिळाला की वेगळा धागा काढतो.

मीडियमवेव्ह

माझ्या पहिल्या प्रतिसादातच हे यायला हवं होतं, नेरूळ_शॉर्टवेव्ह यांनी वेळेवर सांगितलं. पिकअपची परीक्षा ट्रान्सफॉर्मर असलेल्या सेटलाच, आणि तीही चार्जरशिवाय.

पाचपाखाडीकर

सामान आणलं, काम केलं. फिल्टरचे दोन्ही नवे (३३ आणि ४७), कपलिंग नवा, बाकी मेणाचे कंडेन्सर एकेक करून बदलले. पिन २ शून्य, पिन ३ ला ७.५, पिन ७ ला २३४, पिन ९ ला २४३. आवाज आता खणखणीत. व्हॉल्यूम निम्म्यावर नेला की शेजारच्या खोलीत बोलणं अवघड होतं. घोगरेपणा गेला. व्हॉल्यूम शून्यावर असताना कान स्पीकरला लावला तरच पुसटसं काही ऐकू येतं.

दोन गोष्टी राहिल्यात. व्हॉल्यूम मधे कुठेतरी असला की हलकं हमिंग येतं, पण शून्यावरही नाही आणि पूर्ण उघडल्यावरही जवळजवळ नाही. बटण फिरवताना खरखरही होते. आणि स्टेशन बरोबर लागलं की त्या स्टेशनच्या आवाजामागे हम येतं, डायल सरकवली की जातं. ही दोन वेगळी हमिंग आहेत का?

नेरूळ_शॉर्टवेव्ह

हो, दोन्ही वेगळी, आणि दोन्ही किरकोळ. तुमचं निरीक्षण इतकं नेमकं आहे की उत्तर त्यातच आहे.

मधल्या जागेवरचं हम: व्हॉल्यूम कंट्रोलपासून ईबीसी ८१ च्या ग्रिडला जाणारी शिल्डेड तार बघा. शून्यावर ग्रिड चॅसीला टेकलेला असतो, म्हणून शांत. मधे आल्यावर तो सर्वांत उघडा पडतो आणि आजूबाजूचं ५० हर्ट्झ उचलतो. शिल्डची जाळी एका टोकाला तुटली असेल किंवा सोल्डरचा डाग सुटला असेल. कंट्रोलची धातूची टोपीही चॅसीला जोडलेली हवी. ती तार फिलामेंटच्या तारांपासून आणि कंट्रोलच्या मागे असलेल्या मेन्स स्विचच्या तारांपासून लांब, चॅसीला चिकटवून न्या.

खरखर: काँटॅक्ट क्लीनरचे दोन थेंब कंट्रोलच्या आत, आणि बटण वीसेक वेळा टोकापासून टोकापर्यंत. गंज काढायचा तेलकट स्प्रे मारू नका, कार्बनचा थर खराब होतो. साफ करूनही खरखर राहिली तर ग्रिडला जाणारा छोटा कंडेन्सर मोजा. त्यातून डीसी कंट्रोलवर येत असेल तर नवा कंट्रोलही खरखरणार.

ईबीसी ८१ च्या अॅनोडचं व्होल्टेजही एकदा लिहून ठेवा. तिथे बहुधा २२० किलोओमचा रेझिस्टन्स असतो आणि जुने कार्बनचे रेझिस्टन्स वयाबरोबर वाढत जातात. १०० व्होल्टच्या आसपास असेल तर ठीक. वीस-पंचवीसच असेल तर तो रेझिस्टन्स मेगओमच्या पुढे गेलाय. तुमचा आवाज खणखणीत आहे म्हणजे आज ते ठीकच असणार, पण आकडा वहीत असला की पुढच्या वेळी तुलना करता येते.

मीडियमवेव्ह

स्टेशनबरोबर येणाऱ्या हमबद्दल मी सांगतो. याला मॉड्युलेशन हम म्हणतात. रेडिओलहरी मेन्सच्या तारांतूनही आत येतात आणि रेक्टिफायरमधून जाताना त्यांच्यावर हम चढतं. म्हणून ते फक्त स्टेशनवर ऐकू येतं. मेन्स ते चॅसीचा कंडेन्सर मूळ सेटमध्ये होता का, की कोणीतरी कधी काढून टाकलाय ते बघा. ईझेड ८० च्या दोन्ही अॅनोडपासून (पिन १ आणि ७) चॅसीला लहान कंडेन्सर असतात, तेही मेलेले असू शकतात. तिथे एसी २५० च्या वर असते, म्हणून १ किलोव्होल्टपेक्षा जास्त दर्जाचे घ्या.

त्याआधी सोपा प्रयोग. बॅटरीवरचा ट्रान्झिस्टर त्याच जागी ठेवून ५५८ लावा आणि घरातले एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर, वायफायचा अडॅप्टर एकेक करून बंद करा. ट्रान्झिस्टरवरही गुरगुर येत असेल तर दोष तुमच्या सेटचा नाही. नव्या इमारतींत काँक्रीट आणि लोखंडामुळे मीडियम वेव्ह आत पोहोचते कमी आणि घरातला हा कचराच जास्त ऐकू येतो. बाल्कनीच्या बाहेरच्या बाजूने पाच-सहा मीटर साधी वायर ताणून एरियलला लावा आणि तिला घरातल्या वायरिंगपासून दूर ठेवा. बाहेर ताणलेली वायर पावसाळ्यात विजा चमकत असताना सेटमधून काढून ठेवायची.

पाचपाखाडीकर

शिल्डची जाळी व्हॉल्यूम कंट्रोलच्या टोकाला सुटलेलीच होती. डाग मारला, मधलं हम गेलं. ईबीसी ८१ च्या अॅनोडला ९४ आहे. मेन्स ते चॅसीच्या कंडेन्सरची फक्त कापलेली दोन टोकं सापडली, म्हणजे कोणीतरी काढला होता. किती किमतीचा लावू?

नेरूळ_शॉर्टवेव्ह

वाय २ वर्गाचा, २.२ ते ४.७ नॅनोफॅरड. मोठा नको, नाहीतर चॅसीला हात लावल्यावर झिणझिण्या येतील. तीन पिनांचा प्लग करून चॅसी अर्थ करणार असाल तर आणखी बरं. मेन्सच्या तारेत १ अँपिअरचा फ्यूजही घाला, जुन्या सेटमध्ये बहुतेक वेळा नसतो. आणि वॉल्व्हची सगळी व्होल्टेज एका कागदावर लिहून पेटीच्या आतल्या बाजूला चिकटवा. डायग्राम नाही, तेव्हा पुढे जो हा सेट उघडेल त्याच्यासाठी तोच डायग्राम.